प्लेगनंतरची सुरत : नगरप्रशासन आणि विश्वास



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल मी संचालक मंडळाचा ऋणी आहे. आपल्या बडोद्यात राज्यकारभाराचा विषय निघाला की सयाजीराव महाराजांचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या राजाचा विसर शाळेला तरी कसा पडावा? परंतु आज मी राजाची नव्हे, पगारी नोकरांच्या कर्तृत्वाची कथा निवडली आहे. ती आपल्या शेजारच्या सुरतेची, १९९४ ते १९९७ या काळातील आहे.

सुरतेचे नाव घेताच मराठी मनात १६६४ आणि १६७० ही साले जागी होतात. विसाव्या शतकातील सुरतेशी आपला संबंध मात्र निराळा आहे. खानदेशातून गेलेल्या कितीतरी कुटुंबांनी तेथील यंत्रमागांवर घाम गाळला. १९९१ च्या जनगणनेच्या वेळी शहराची वस्ती पंधरा लाखांच्या घरात गेली होती. गटारे आणि कचऱ्याची व्यवस्था मात्र तिच्या मागे पडली होती. सप्टेंबर १९९४ मध्ये पुराचे पाणी ओसरले, चिखल आणि घाण वस्त्यांत तशीच राहिली, आणि महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. पाहता पाहता लाखो माणसांनी शहर सोडले. अनेक खाजगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपे लावली. मृतांची संख्या पन्नासच्या आसपास राहिली. परंतु नागरिकांचा आपल्या महानगरपालिकेवरील विश्वास पार उडाला. तितकीच महत्त्वाची गोष्ट अशी की, पालिकेतील नोकरवर्गाचाही स्वतःवरचा विश्वास उरला नाही.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून तेथे आले. त्यांच्या कार्याचे वर्णन बहुधा एका धडाडीच्या अधिकाऱ्याचा पराक्रम म्हणून केले जाते. इतिहासाचा अभ्यासक या नात्याने मला ते वर्णन अपुरे वाटते. एक माणूस पंधरा लाखांचे शहर झाडू शकत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा, की काल हतबल असलेला तोच नोकरवर्ग दोन वर्षांत कर्तबगार कसा ठरला?

याचे पहिले उत्तर कायद्याच्या चौकटीत सापडते. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा गुजरातच्या महानगरपालिकांनाही लागू होता. त्याने कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या हाती एकवटली. परिणामी लहानसहान खर्चाचे कागदही टेबलामागून टेबल चढत वर जात आणि खालचा अधिकारी 'वरून मंजुरी नाही' एवढे म्हणून मोकळा होई. राव यांनी शहराच्या सहा विभागांच्या प्रमुखांकडे आपले प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार मोठ्या प्रमाणात सोपविले. मला येथे विश्वासाचे खरे स्वरूप दिसते. 'तुमच्यावर माझा विश्वास आहे' असे भाषणात सांगण्यास काही लागत नाही. आपल्या सहीचा अधिकार दुसऱ्याच्या हाती देण्यास मात्र धैर्य लागते. आणि ज्याच्या हाती सही आली, त्याला सबब उरत नाही. विश्वास आणि उत्तरदायित्व ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

दुसरे उत्तर साहेबांच्या पायांत आहे. वरिष्ठांनी सकाळचे तास वस्त्यांमध्ये फिरून काम पाहावे आणि दुपारी एकत्र बसून निर्णय घ्यावेत, असा दंडक घालण्यात आला. 'एसी टू डीसी' हे त्या काळातील ब्रीद प्रसिद्धच आहे : वातानुकूलित खोलीतून रोजच्या कष्टाच्या कामाकडे. यात केवळ देखरेख नव्हती. तुंबलेल्या गटाराशी उभा राहिलेला अधिकारी सफाई कामगाराची अडचण डोळ्यांनी पाहतो. कोठे हातगाडी मोडली आहे, कोठे माणसे कमी आहेत, हे त्याला अहवालावाचून कळते. नागरिकांच्या तक्रारींसाठी रंगीत कार्डांची पद्धत आली आणि निवारणाची मुदत ठरली. प्रमुख रस्त्यांची सफाई रात्रीही होऊ लागली.

तिसरे उत्तर न्यायबुद्धीचे आहे. अनधिकृत बांधकामांवर हातोडा पडला तो धनिक व वजनदार मंडळींच्या इमारतींवरही पडला. हाताखालचे लोक साहेबाचे भाषण ऐकत नाहीत, ते त्याचा हात कोणापाशी थबकतो ते पाहतात. तो बलवंतापाशी थबकला नाही, तेव्हा कनिष्ठ अभियंत्यालाही नियम सांगण्याचे बळ आले.

१९९६ मध्ये 'इंटॅक' या संस्थेने सुरतेला चंडीगढखालोखाल देशातील स्वच्छ शहर म्हणून गौरविले. १९९७ च्या अखेरीपर्यंत राव यांची कारकीर्द संपली. घडी मात्र सर्वस्वी विस्कटली नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला, तरी १९९४ ची पुनरावृत्ती झाली नाही. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने आपल्या इंदूरच्या जोडीने प्रथम क्रमांक मिळविला. व्यक्ती गेल्यावर जे टिकते, त्यालाच संस्था म्हणावे.

तथापि, गौरवाच्या या इतिहासातील एक उणीव सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आयुक्ताचे नाव ग्रंथांत आले. ज्यांच्या हातांनी तो चिखल उपसला, त्या सफाई कामगारांची नावे कोठे आहेत? पिढ्यान्पिढ्या जातीने लादलेले हे काम करणाऱ्यांवर शहराने स्वच्छतेचा भार टाकला, परंतु निर्णयाच्या बैठकीत त्यांना क्वचितच स्थान दिले. विभागप्रमुखापर्यंत पोचलेला विश्वास झाडूवाल्यापर्यंत पोचला पाहिजे. वेळेवर वेतन, हातमोजे, कायम नोकरी आणि माणूस म्हणून हाक, ही त्या विश्वासाची रूपे होत. कंत्राटी पद्धतीच्या आजच्या काळात तर हा प्रश्न अधिकच बिकट झाला आहे.

या शाळेचे अनेक विद्यार्थी नगरपालिका, पंचायती आणि सरकारी कचेऱ्यांत सेवेत आहेत. काही अधिकारपदावर आहेत. आपल्या हाताखालच्या माणसाच्या हाती आपण कोणती सही दिली, आणि त्याच्या कामाच्या जागी शेवटचे कधी गेलो, हे दोन प्रश्न त्यांनी स्वतःस विचारावेत, एवढीच माझी विनंती आहे.