देल्गादो यांचा विमानतळ

लिस्बन म्हटले की आम्हा वसईकर ख्रिस्ती मंडळींच्या डोळ्यांपुढे तेजो नदीचा धक्का आणि शिडांची गलबते उभी राहतात. १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकला आणि त्या गलबतांशी असलेले आमचे नाते तुटले. त्यानंतरच्या लिस्बनकडे आम्ही फारसे पाहिलेच नाही. येथे मात्र बंदर बाजूला ठेवून त्या राजधानीच्या विमानतळाकडे वळू.

पोर्तेला येथील हा विमानतळ १५ ऑक्टोबर १९४२ रोजी सुरू झाला. युरोप महायुद्धात होरपळत होता. पोर्तुगाल तटस्थ होते. त्यामुळे ब्रिटिश आणि जर्मन प्रवासी विमाने येथे शेजारी शेजारी उभी राहत. नाझींच्या तावडीतून निसटलेले हजारो निर्वासित शहरात अमेरिकेच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असत. तटस्थतेचे हे कवच आकाशात मात्र टिकले नाही. १ जून १९४३ रोजी येथून इंग्लंडकडे निघालेले विमान जर्मनांनी बिस्केच्या उपसागरावर पाडले. नट लेस्ली हॉवर्ड यांच्यासह १७ जणांचा अंत झाला.

युद्धाच्या अखेरीस नागरी विमानवाहतुकीची सूत्रे उंबेर्तो देल्गादो या हवाई दलातील अधिकाऱ्याकडे होती. १९४५ साली त्यांनी ‘टॅप’ ही राष्ट्रीय विमानसेवा उभारली. १९४६ च्या शेवटच्या दिवशी लुआंडामार्गे मोझांबिकपर्यंतचा हवाई मार्ग सुरू झाला. तोवर ते सालाझार यांचेच माणूस होते. पुढे मात्र मन पालटले. १९५८ साली ते अध्यक्षपदासाठी विरोधकांचे उमेदवार झाले आणि निवडून आल्यास सालाझार यांना पदच्युत करीन, असे त्यांनी भर पत्रकार परिषदेत सांगितले. सरकारी निकालात ते हरले. मतमोजणीवर कोणाचा विश्वास बसला नाही. पुढच्याच वर्षी अध्यक्ष निवडण्याचा जनतेचा हक्क काढून घेण्यात आला.

त्याच वर्षी, १९५८ मध्ये, पोर्तोचे बिशप अंतोनियो फेरैरा गोमेश यांनी सालाझार यांना पत्र लिहून गोरगरिबांच्या दैन्याविषयी आणि कॅथलिकांच्या राजकीय स्वातंत्र्याविषयी परखड प्रश्न विचारले. त्याबद्दल १९५९ ते १९६९ अशी दहा वर्षे त्यांना परदेशी काढावी लागली. सालाझार हे चर्चचे कैवारी होते असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. देल्गादो ब्राझीलला गेले. १३ फेब्रुवारी १९६५ रोजी गुप्त पोलिसांनी त्यांना स्पेनच्या सरहद्दीजवळ फसवून बोलावले आणि त्यांच्या सचिव बाईंसह त्यांची हत्या केली.

दरम्यान साम्राज्य आटत होते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. त्या रात्री उरल्यासुरल्या धावपट्टीवरून दोन पोर्तुगीज विमाने कराचीकडे निसटली. १९७५ साली अंगोला-मोझांबिकहून परतणाऱ्यांची रीघ पोर्तेलावर लागली. सुमारे ५ लाख माणसे मायदेशी आली. कित्येकांनी तो ‘मायदेश’ पूर्वी कधी पाहिलाही नव्हता. घरदार मागे राहिले, हाती एखादी पेटी. साम्राज्याचा हिशेब असा विमानतळाच्या फरशीवर झोपलेल्या मुलाबाळांनी चुकता केला.

पुढे इमारती वाढल्या, २००७ मध्ये दुसरे टर्मिनल झाले, २०१२ मध्ये मेट्रो दारापर्यंत आली. वर्षाला तीन कोटींहून अधिक उतारूंचा भार वाहणाऱ्या या विमानतळाला आता चहूबाजूंनी शहराने वेढले आहे. घरांवरून विमाने इतकी खालून जातात की आमच्या सांताक्रूझ-कुर्ल्याच्या रहिवाशांना ते दृश्य परके वाटणार नाही.

२०१६ साली या विमानतळाला देल्गादो यांचे नाव देण्यात आले. ज्याला देशात पाऊल ठेवू दिले नाही, त्याच्या नावाने देशाचे प्रवेशद्वार उघडले. परंतु मे २०२४ मध्ये सरकारने तेजोपलीकडे अल्कोशेत येथे नवा विमानतळ बांधण्याचे ठरविले असून, तो पूर्ण झाल्यावर पोर्तेला बंद करण्याचा विचार आहे. नव्या विमानतळाचे नावही ठरले आहे: लुईस द कामोंइश. हा कवी १५५३ साली गलबताने गोव्याला आला आणि १५७० साली निष्कांचन होऊन परतला.