ध्रुवीय अस्वल : जननिक संशोधनाचा इतिहास

आर्क्टिक महासागर व त्यालगतच्या समुद्रांवरील गोठलेल्या बर्फावर वावरणारे व मुख्यतः सीलांवर उपजीविका करणारे हे अस्वल मांसाहारी गणाच्या अर्सिडी कुलातील आहे. त्याचे शास्त्रीय नाव अर्सस मॅरिटिमस असून इन्युइट लोक त्याला नानुक म्हणतात. स्वतंत्र जाती म्हणून त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन कॉन्स्टंटाइन फिप्स या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १७७४ मध्ये प्रसिद्ध केले. आदल्या वर्षी उत्तर ध्रुवाकडे निघालेली त्याची मोहीम स्पिट्सबर्गेनपाशी बर्फामुळे अडली होती. पुढे हे अस्वल इतर अस्वलांहून वेगळे भासल्याने त्याच्यासाठी थॅलार्क्टॉस हा निराळा वंश कल्पिला गेला व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पुष्कळ ग्रंथांत तेच नाव आढळते. परंतु प्राणिसंग्रहालयांत त्याचा तपकिरी अस्वलाशी (अर्सस आर्क्टॉस) संकर झाला व ती संकरज पिल्ले पुढे प्रजननक्षमही निघाली. त्यामुळे या दोन जातींचे नाते फार जवळचे असल्याचे मान्य झाले आणि अर्सस हा वंशच रूढ झाला.

दोन्ही जाती एकमेकींपासून केव्हा अलग झाल्या, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनिर्णित राहिला. वरकरणी तो केवळ वर्गीकरणतज्ज्ञांच्या कुतूहलाचा वाटतो. पण आर्क्टिकमधील समुद्री बर्फ झपाट्याने घटू लागल्यापासून या जातीच्या भवितव्याविषयीचा वादही त्याच्याशी जोडला गेला आहे.

फिनलंडचे पुराजीववैज्ञानिक ब्यर्न कुर्टेन यांनी १९६४ मध्ये कवट्या व दात यांच्या मापांवरून असे प्रतिपादिले की, ध्रुवीय अस्वल प्लाइस्टोसीन काळात तपकिरी अस्वलांपासूनच उद्‌भवले. त्यांच्यापुढे पुरावा अत्यंत तुटपुंजा होता. समुद्री बर्फावर मेलेल्या प्राण्याचे शव बहुधा समुद्रतळाशी जाते किंवा इतर प्राणी ते खाऊन टाकतात. त्यामुळे या जातीचे जीवाश्म फारच थोडे सापडले आहेत. इतिहासाची ही रिकामी पाने भरून काढण्याचे काम पुढे डीएनएकडे आले.

पहिली साधने मर्यादित होती. पेशीतील मायटोकाँड्रिया या सूक्ष्म अंगकांत स्वतःचा थोडासा डीएनए असतो, तो मुबलक असतो आणि केवळ मातेकडून अपत्यांकडे जातो. तो मिळवणे व वाचणे तुलनेने सोपे असल्याने १९९० नंतरच्या दशकात वन्य प्राण्यांच्या वंशावळी प्रामुख्याने त्यावरूनच मांडल्या गेल्या. अलास्का विद्यापीठातील सँड्रा टॅल्बट व जेराल्ड शील्ड्स यांनी १९९६ मध्ये त्यावरून एक चकित करणारा निष्कर्ष काढला. आग्नेय अलास्कातील अ‍ॅडमिरॅल्टी, बॅरानॉफ व चिचागॉफ या बेटांवरील तपकिरी अस्वले मायटोकाँड्रियातील डीएनएच्या दृष्टीने इतर तपकिरी अस्वलांपेक्षा ध्रुवीय अस्वलांना अधिक जवळची आहेत, असे त्यांना आढळले. म्हणजे ध्रुवीय अस्वल हे तपकिरी अस्वलांच्या कुलवृक्षाची भगिनी-शाखा नसून त्याच वृक्षाची एक उशिरा फुटलेली डहाळी ठरत होते.

स्वालबार्ड द्वीपसमूहातील प्रिन्स कार्ल्स फोरलँड बेटावर पूलेपिंटेन येथे २००४ मध्ये ध्रुवीय अस्वलाच्या खालच्या जबड्याचे एक हाड सापडले. त्याचे वय सु. १,१०,००० ते १,३०,००० वर्षे ठरले. शार्लट लिंडक्विस्ट व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये त्यातील मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला व ध्रुवीय अस्वलांची शाखा सु. १,५०,००० वर्षांपूर्वीच फुटली असावी, असा अंदाज दिला. एवढ्या अल्पावधीत एखाद्या भूचर प्राण्याने समुद्री बर्फावरील जीवन अंगीकारले, ही कल्पना क्रमविकासाच्या वेगाचे ठळक उदाहरण म्हणून लगेच पाठ्यपुस्तकांत गेली. ती तेथे जरा घाईनेच गेली, असे म्हणावे लागेल. पुढच्याच वर्षी आयर्लंडमधील नामशेष तपकिरी अस्वलांच्या हाडांतून मिळालेला मायटोकाँड्रियाचा डीएनए आजच्या ध्रुवीय अस्वलांच्या डीएनएला बेटांवरील अस्वलांच्या डीएनएपेक्षाही अधिक जवळचा असल्याचे दिसून आले. अलास्का आणि आयर्लंड या परस्परांपासून इतक्या दूरच्या प्रदेशांत एकाच मातृवंशाचे धागे सापडणे, हे केवळ शाखा फुटण्याच्या कल्पनेने समजावून सांगणे अवघड होते.

उलगडा पेशीकेंद्रातील डीएनएने केला. हा डीएनए दोन्ही पालकांकडून येतो व त्यात हजारो जीनांचा स्वतंत्र इतिहास साठवलेला असतो. फ्रँक हायलर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याचे १४ खंड तपासले. ध्रुवीय अस्वले ही तपकिरी अस्वलांची स्वतंत्र भगिनी-शाखा असून ती सु. ६,००,००० वर्षांपूर्वी वेगळी झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी संपूर्ण जीनसंचांच्या एका अभ्यासाने हा काळ ४० ते ५० लाख वर्षांपर्यंत मागे नेला, तर २०१४ मध्ये ७९ ध्रुवीय व १० तपकिरी अस्वलांच्या जीनसंचांवरून तो ३,४३,००० ते ४,७९,००० वर्षे इतका अलीकडे आला. आकड्यांतील ही तफावत पाहून वाचक गोंधळून जाण्याचा संभव आहे. उत्परिवर्तनांचा वेग किती मानावा, एका पिढीचा काळ किती धरावा आणि अलग झाल्यानंतर दोन जातींत पुन्हा संकर झाला असे मानावे की नाही, या गृहीतकांवर अशी कालगणना अवलंबून असते. यांपैकी तिसरा मुद्दा सर्वांत निर्णायक ठरला.

त्याचे स्पष्टीकरण त्याच तीन बेटांवर मिळाले. जेम्स केहिल, बेथ शपायरो व त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, तेथील अस्वलांच्या इतर गुणसूत्रांत ध्रुवीय अस्वलांचा वारसा सु. १ टक्का आहे, पण एक्स-गुणसूत्रात तो सु. ६.५ टक्के आहे. मादीत एक्स-गुणसूत्रे दोन व नरात एक असते. म्हणून हा असमतोल एकाच रीतीने नीट समजतो : शेवटच्या हिमकालाच्या अखेरीस बर्फ मागे हटल्यावर काही ध्रुवीय अस्वले या बेटांवर अडकली आणि मुख्य भूमीवरून पोहत आलेल्या तपकिरी नरांशी तेथील माद्यांचा पिढ्यान्‌पिढ्या संकर होत गेला. तपकिरी अस्वलांत माद्या जन्मस्थानाजवळच राहतात व नर दूरवर जातात, ही गोष्ट क्षेत्रसंशोधकांना पूर्वीच माहीत होती. अशा रीतीने बेटांवरील ध्रुवीय अस्वले हळूहळू तपकिरी झाली आणि मातृवंशाच्या डीएनएत तेवढी जुनी खूण राहिली. १९९६ चे निरीक्षण अचूक होते, त्यावरून काढलेली वंशावळ मात्र बदलावी लागली.

२०१४ च्या अभ्यासाने क्रमविकासाची दुसरी बाजूही उजेडात आणली. ध्रुवीय अस्वलाच्या शरीरवजनाचा निम्म्यापर्यंतचा भाग चरबीचा असू शकतो आणि पिल्लांना मिळणारे दूध अतिशय स्निग्ध असते. अशा आहाराने माणसाचे हृदय व रक्तवाहिन्या लवकरच विकारग्रस्त झाल्या असत्या. रक्तातील कोलेस्टेरॉलाच्या वहनाशी संबंधित एपीओबी हा जीन व हृदयाच्या कार्याशी निगडित इतर काही जीन यांवर या अस्वलांत प्रबळ नैसर्गिक निवड झाल्याचे आढळले.

२०२२ मध्ये पूलेपिंटेनच्या त्याच जबड्यातून पेशीकेंद्रातील डीएनएही वाचला गेला व दोन जातींचे विभाजन सु. १३ ते १६ लाख वर्षांपूर्वी सुरू झाले, असे सुचवण्यात आले. त्या अभ्यासानुसार जीनांचा प्रवाह मुख्यतः तपकिरी अस्वलांकडून ध्रुवीय अस्वलांकडे होता. त्याच वर्षी अलास्काच्या किनाऱ्यावर सापडलेल्या सु. १,००,००० वर्षांपूर्वीच्या एका कवटीवरून दुसऱ्या गटाने नेमका उलट प्रवाह दाखवला.

या कालनिर्णयाचा संरक्षणाशी संबंध असा. सु. १,३०,००० ते १,१५,००० वर्षांपूर्वीचा आंतरहिमकाल आर्क्टिकमध्ये आजच्यापेक्षाही उबदार होता. जाती जितकी जुनी, तितके असे उष्ण काळ तिने अधिक पचवले असणार. मग आजच्या तापमानवाढीची चिंता कशाला, असा युक्तिवाद करण्यात येतो. तो टिकणारा नाही. जाती तगली याचा अर्थ ती सुखाने नांदली असा होत नाही. या जातीची जननिक विविधता तपकिरी अस्वलांच्या मानाने कमी आहे आणि तिच्या समूहाचा आकार हवामानाबरोबर कमीजास्त होत गेल्याच्या खुणा जीनसंचांत मिळतात. शिवाय पूर्वीचे बदल हजारो वर्षांत झाले, तर आजचे काही दशकांत होत आहेत.

प्रत्यक्ष संरक्षणाची सुरुवात शिकारीच्या नियंत्रणापासून झाली. कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका व सोव्हिएट रशिया यांनी १९७३ मध्ये ऑस्लो येथे करार केला व तो १९७६ मध्ये अंमलात आला. शिकारीच्या वाट्याची आखणी उपसमूहांवरून होत असल्याने उपसमूहांच्या सीमा खऱ्या की कागदावरच्या, हा प्रश्न इन्युइट लोकांच्या चरितार्थालाही भिडणारा होता. डेव्हिड पेट्काऊ व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ४७३ अस्वलांच्या डीएनएची तुलना केली. समूहांत भेद आढळले, पण दीर्घकाळ संपूर्ण अलग राहिलेला एकही समूह आढळला नाही. बर्फ हाच त्यांना जोडणारा रस्ता होता.

तो तुटू लागल्याचे परिणाम आता मोजता येतात. स्वालबार्डमधील ६२२ अस्वलांच्या नमुन्यांवरून १९९५ ते २०१६ या काळात जननिक विविधता ३ ते १० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडाच्या वायव्य भागात २००६ पासून ग्रिझली अस्वलाशी झालेले संकर डीएनएने सिद्ध झाले आणि त्यांवरून दोन जाती एकमेकींत विरून जाणार, अशी भाकिते वृत्तपत्रांतून झाली. परंतु २०१७ मध्ये तपासलेले आठही संकरज प्राणी एकाच ध्रुवीय मादीचे वंशज निघाले. एका मादीच्या निवडीला जातीची प्रवृत्ती समजले गेले होते. २०२२ मध्ये क्रिस्टिन लेडर व सहकाऱ्यांनी ग्रीनलंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील काही शेकडा अस्वलांचा समूह हा जननिक दृष्ट्या सर्वांत अलग असल्याचे दाखवले. तेथे वर्षातील २५० हून अधिक दिवस समुद्र गोठलेला नसतो. एरवी ही अस्वले हिमनद्यांच्या मुखाशी तुटून साचलेल्या गोड्या पाण्याच्या बर्फावरून सीलांची शिकार करतात. असा बर्फ मात्र ग्रीनलंड व स्वालबार्ड सोडल्यास आर्क्टिकच्या इतर बहुतेक भागांत पुरेसा मिळत नाही.