५७ आणि १६ : मुंबईच्या रक्तातले दोन आकडे

आजचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो जगलेला आहे, बहुधा मोबाइलवर ऑनलाइन लेक्चर म्यूट करून. तरी तो सांगतोय, कारण त्यातला एक आकडा आपण सगळ्यांनी ऐकला आणि भलत्याच अर्थानं लक्षात ठेवला.

तारीख २८ जुलै २०२०. मुंबईत तोपर्यंत अधिकृत नोंदीनुसार साधारण १ लाख १० हजार लोकांना कोरोना झालेला. त्या दिवशी महापालिकेनं एका सर्वेक्षणाचे निकाल जाहीर केले. पालिका, नीती आयोग आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे आपली टीआयएफआर, यांनी मिळून ते केलं होतं. तीन वॉर्डांमधल्या सुमारे ६,९०० लोकांचं रक्त तपासलं होतं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाच्या अँटीबॉडीज सापडल्या, आणि त्याच वॉर्डांतल्या इमारतींमध्ये १६ टक्के.

आता हिशेब करा. २०११च्या जनगणनेनुसार मुंबईच्या झोपडपट्ट्यांत साधारण ५२ लाख लोक राहतात. तीन वॉर्डांचं प्रमाण सगळ्या शहराला लावणं बरोबर नाही, हे मला कळतं. पण क्षणभर लावून बघू. जवळपास ३० लाख माणसं होतात! आणि नोंदीत पूर्ण शहराचे मिळून सव्वा लाखसुद्धा नाहीत. म्हणजे बहुतेकांना हा आजार येऊन गेला, आणि सरकारला सोडा, त्यांना स्वतःलाही पत्ता लागला नाही.

हे मोजतात कसं? आरटीपीसीआर चाचणी नाकातून किंवा घशातून विषाणू शोधते. तो आत्ता आहे का, एवढंच ती सांगते. अँटीबॉडी ही शरीरानं विषाणूशी लढताना तयार केलेली गोष्ट. विषाणू गेला तरी ती काही महिने, कधी कधी वर्षं, रक्तात राहते. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत आरटीपीसीआर म्हणजे लाइव्ह मॉनिटरिंग आणि अँटीबॉडी म्हणजे लॉग फाइल. काल रात्री काय झालं ते लॉगमध्ये बघायचं.

ही युक्ती जुनी आहे. जॉन पॉल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९च्या सुमारास अलास्काच्या उत्तर टोकाच्या वस्त्यांमधल्या लोकांचं रक्त पोलिओसाठी तपासलं. पोलिओच्या एका प्रकाराच्या अँटीबॉडीज साधारण वीस वर्षांवरच्या लोकांत सापडल्या, लहानांत जवळपास नाहीतच. म्हणजे तो विषाणू १९३०च्या आसपास येऊन गेला आणि परत फिरकला नाही. कागदावर धड नोंद नसलेल्या साथीचं साल त्यांनी रक्तातून वाचलं. आपल्या पुण्यातही १९५२मध्ये विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, आजची एनआयव्ही, आणि सुरुवातीच्या कामांतच देशातल्या वेगवेगळ्या भागांतून रक्त जमवून त्यात कुठकुठल्या विषाणूंच्या खुणा आहेत ते तपासलं गेलं. काही नमुन्यांत चक्क झिका दिसला. पण झिका, डेंग्यू, वेस्ट नाइल हे एकाच कुळातले. एकाच्या अँटीबॉडीज दुसऱ्याच्या चाचणीला फसवू शकतात, म्हणून त्या निष्कर्षाबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या.

तर चाचणी फसते, आणि इथे थोडं गणित आहे. पॉडकास्ट पुढे ढकलू नका, सोपं आहे.

समजा चाचणी चांगली आहे, पण निरोगी शंभर जणांतल्या दोघांना उगाच पॉझिटिव्ह म्हणते. गावात हजार लोक, आणि खरी लागण फक्त दहांना झालेली. ते दहा सापडतील. पण उरलेल्या ९९० मधले वीसेक खोटे पॉझिटिव्ह येतील. एकूण तीस, त्यातले वीस खोटे. तुम्ही पेपरात छापाल ३ टक्के, खरं आहे १ टक्का. आता त्याच चाचणीनं असं गाव तपासा जिथे ५०० जणांना लागण झालीय. खोटे येतील दहा. पाचशेवर दहा, काय फरक पडतो? म्हणजे चाचणी तीच, पण साथ कमी असेल तर आकडा डळमळीत आणि पसरलेली असेल तर भक्कम. ही चूक वजा करायचं सूत्र रोगन आणि ग्लॅडन या दोघांनी १९७८मध्ये मांडलं. आजही तेच वापरतात.

एप्रिल २०२०मध्ये कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारा काउंटीत स्टॅनफर्डच्या लोकांनी ३,३३० जण तपासले. पॉझिटिव्ह आले ५०. दीड टक्का. त्यावरून त्यांनी मोठे निष्कर्ष काढले आणि संख्याशास्त्रज्ञ त्यांच्यावर तुटून पडले, कारण दीड टक्क्यात खरे किती आणि खोटे किती हे छातीठोक सांगता येत नव्हतं. शिवाय लोक जमवले होते फेसबुकवर जाहिरात देऊन. ज्याला महिनाभरापूर्वी खोकला झालेला तो आधी धावत येणार, नाही का?

मुंबईचा आकडा या दोन्ही बाबतींत उजवा होता. ५७ टक्क्यांपुढे खोट्या पॉझिटिव्हचा प्रश्न किरकोळ, आणि रक्त द्यायला लोक स्वतःहून आले नव्हते, पालिकेची माणसं वस्तीत गेली होती. पुढे लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये शोधनिबंध आला, त्यात वय-लिंग वगैरे दुरुस्त्या करून झोपडपट्टीचा आकडा ५४.१ झाला, इमारतींचा १६.१. फार हलला नाही. झोपडपट्टीतून ४,२०२ लोकांचे नमुने मिळाले, इमारतींमधून २,७०२. पत्र्याच्या घरातली माणसं हात पुढे करत होती आणि बंद गेटच्या आतली माणसं आढेवेढे घेत होती, असा अर्थ मी यातून काढतो. तुम्हाला पटलं नाही तर सोडून द्या.

एक गोष्ट मात्र सोडू नका. हे वॉर्ड होते दहिसरचा आर-उत्तर, चेंबूरचा एम-पश्चिम आणि माटुंगा-सायन-वडाळ्याचा एफ-उत्तर. धारावी यात नव्हती! धारावी येते जी-उत्तरमध्ये. ‘धारावीत ५७ टक्के’ असं मी आजही ऐकतो.

आणि ५७ विरुद्ध १६ असं का? पालिकेच्या पत्रकातच कारण होतं: दाटी, आणि सामायिक सोयी, म्हणजे संडास आणि पाण्याचे नळ. टीव्हीवर रोज ‘घरी राहा’ सांगत होते. ज्याच्या घरात संडास नाही तो घरी किती वेळ राहणार? लॉकडाऊन एकच होता, पण त्याचं पालन करायला लागणारी जागा सगळ्यांकडे नव्हती. ५७ हा आकडा मला तरी त्या जागेचं माप वाटतो.

पण लोकांनी वाचलं काय? ‘हर्ड इम्युनिटी.’ मी तेव्हा पुण्यात घरून काम करत होतो. ऑगस्टमध्ये पुण्याचाही निकाल आला, आयसर आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ वगैरेंनी केलेला: १,६६४ नमुने, ५१.५ टक्के. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर लगेच ‘अर्धं पुणं इम्यून झालं’ म्हणून मेसेज. अहो, ते पाच प्रभाग होते, आणि निवडलेच होते जास्त रुग्ण असलेले. येरवडा, कसबा पेठ, लोहियानगर वगैरे. त्यातही झोपड्यांमध्ये ६२ टक्के आणि फ्लॅटमध्ये ३३. ज्या ग्रुपवर मेसेज फिरत होता ते सगळे या ३३वाले. सप्टेंबरमध्ये पुण्यात पहिल्या लाटेचा कळस झाला.

मुंबईत पुढे आणखी मजेशीर, खरं तर काळजीचं घडलं. ऑगस्टमध्ये त्याच तीन वॉर्डांत दुसरी फेरी झाली. झोपडपट्टी ४५ टक्के, इमारती १८. मार्च २०२१मध्ये सगळ्या वॉर्डांतले १०,१९७ नमुने तपासले: झोपडपट्टी ४१.६, इमारती २८.५. थांबा. लागण होऊन गेलेल्या लोकांचं प्रमाण कमी कसं होईल? झालेला आजार ‘न झालेला’ होत नाही. एक कारण असं की नमुने दर वेळी वेगळ्या पद्धतीनं घेतले होते, मार्चमध्ये तर दवाखान्यांत आणि लॅबमध्ये इतर तपासण्यांसाठी आलेलं रक्त वापरलं. दुसरं कारण चाचणीतच आहे. पहिल्या फेरीतली ॲबट कंपनीची चाचणी विषाणूच्या आतल्या एन प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडीज शोधायची, आणि त्यांची पातळी काही महिन्यांत उतरते. लॉग फाइल आपोआप डिलीट होत होती.

म्हणून ४१ म्हणजे ‘फक्त ४१ जणांना झाला’ नाही, आणि ५७ म्हणजे ‘५७ जण कायमचे सुरक्षित’ही नाही. इमारतींमधला २८ मात्र सरळ सांगत होता की तिथे अजून बहुतेकांना लागण व्हायचीय. त्याच महिन्यात पालिकेचे अधिकारीही सांगत होते की नवे रुग्ण मुख्यतः इमारतींमधले आहेत. एप्रिलच्या सुरुवातीला मुंबईत एका दिवसात ११ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. बेड, ऑक्सिजन, रेमडेसिवीर शोधणारे ते मेसेज तुमच्याही फोनमध्ये अजून असतील.

ऑगस्ट-सप्टेंबर २०२१च्या पाचव्या सर्वेक्षणात मुंबईचा आकडा ८६.६४ आला. झोपडपट्टी ८७, इमारती ८६. वर्षभरापूर्वीचा ४१ टक्क्यांचा फरक जवळपास पुसला गेला होता. पण तपासलेल्यांपैकी साधारण ६५ टक्के लोकांनी तोवर लस घेतलेली होती, आणि लस घेतली की रक्तात अँटीबॉडीज येतातच. त्यामुळे या ८६ मधले किती जण आजारातून आले आणि किती लशीतून, हे त्या एका आकड्यातून आता काढता येत नाही. जुलै २०२०मध्ये ते काढता येत होतं, कारण तेव्हा लस नव्हतीच.