वाळूखालचे गोडे पाणी आणि विजेची साक्ष

१/ कालव्यांचे शहर म्हणून ख्यात असलेल्या अॅमस्टरडॅममध्ये दीडदोनशे वर्षांपूर्वी पिण्याचे पाणी मात्र दुर्मीळ होते. कालवे गलिच्छ, जमिनीतले पाणी मचूळ. चांगले पाणी नावांतून आणून विकले जाई. जमिनीखालचे पाणी न खणता ओळखण्याच्या विद्येची ही कथा. 🧵

२/ १२ डिसेंबर १८५३ रोजी समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतले पाणी नळाने शहराच्या वेशीवर पोहोचले. बादलीला एक सेंट! शहर वाढले, तहान वाढली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी खोल थरांतूनही उपसा सुरू झाला.

३/ पण त्या गोड्या पाण्याखाली काय होते? डच लष्करी अभियंता बाडोन घायबेन (१८८९) आणि उत्तर समुद्रातील बेटांवर विहिरींचा अभ्यास करणारा जर्मन अभियंता हर्झबर्ग (१९०१) यांना स्वतंत्रपणे एकच उत्तर सापडले: खारे पाणी. पावसाचे हलके पाणी त्यावर भिंगाच्या आकारात तरंगत असते.

४/ समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड. म्हणून भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर उंच असेल, तर गोडे पाणी सपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत असते.

५/ हेच गणित उलटेही चालते. उपशाने पातळी १ मीटर खाली गेली, की कालांतराने खारे पाणी ४० मीटर वर सरकू शकते. अॅमस्टरडॅमच्या खोल विहिरींत नेमके हेच संकट वर चढू लागले.

६/ ही सीमा शोधायची कशी? प्रत्येक कूपनलिका खर्चिक, आणि तिच्यातून कळते ते एकाच जागेचे. उपाय निघाला खनिजांच्या शोधातून. फ्रान्समध्ये कॉनराड श्लंबर्जे यांनी १९११-१२ च्या सुमारास जमिनीत वीज सोडून तिला होणारा रोध मोजण्यास आरंभ केला.

७/ चार सळया जमिनीत रोवायच्या. दोहोंतून प्रवाह सोडायचा, दोहोंमधील विद्युतदाब मोजायचा. सळयांतील अंतर वाढवले, की अधिक खोलीचा अंदाज येतो. खारे पाणी वीज सहज वाहते, गोड्या पाण्याने भरलेली वाळू अडवते. मात्र चिकणमातीही वीज वाहते. म्हणून विजेची साक्ष कूपनलिकेशी ताडून पाहावीच लागते.

८/ अॅमस्टरडॅमने १९५७ पासून ऱ्हाईन नदीचे पाणी शुद्ध करून त्याच टेकड्यांत मुरवण्यास आरंभ केला. घेतलेले परत देणे, हाच उपाय ठरला.

९/ २०१४-१५ मध्ये नेदरलँड्सच्याच झीलंड प्रांतावरून हेलिकॉप्टर फिरले. त्याला टांगलेल्या यंत्राने विद्युतचुंबकीय लहरींद्वारे, जमिनीला स्पर्शही न करता, गोड्या-खाऱ्या पाण्याची सीमा टिपली. तेथील अनेक शेतांखाली खाऱ्या पाण्यावर पावसाच्या पाण्याचा केवळ पातळ थर आहे. शेती त्याच्यावरच तगून आहे.

१०/ समुद्राचे आक्रमण लाटांनीच होते असे नाही. बांध अभंग असतानाही तो विहिरीच्या तळातून वर येऊ शकतो. त्याची चाहूल चव बदलण्यापूर्वी लागावी, हेच या शास्त्राचे मोल.