टाके बाईलाच का?

सप्टेंबर 1976, आणीबाणी चालू आहे. बदनापूर अजून औरंगाबाद जिल्ह्यात आहे; जालना जिल्हा व्हायला जवळपास पाच वर्षं आहेत. तुम्ही आठवडी बाजारात उभे आहात. पायाखाली चिखल, समोर नव्या मुगाची रास. शेजारच्या शेतकऱ्याचं लक्ष मापाकडे नाही, रस्त्याकडे आहे. जीपचा आवाज आला की तो धोतराचा सोगा सावरतो. गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, सगळ्यांना नसबंदीच्या ‘केसेस’चा कोटा ठरवून दिलाय. जानेवारीत बार्शीला माणसं धरून नेली, ते त्याच्या कानावर आलंय. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक यंदाच विधिमंडळाने मंजूर केलंय. राष्ट्रपतींची संमती त्याला कधीच मिळणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याला सांगून पाहा. तरी आज रात्री तो तुरीतच झोपायला जाईल.

1976-77 या एका वर्षात देशात 82 लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांतल्या सुमारे 62 लाख पुरुषांच्या. पुढे सरकार पडलं, सक्ती गेली, पण पुरुषांच्या मनातली धास्ती गेली नाही. यंत्रणेने मग सोपी वाट धरली आणि ती बायकांकडे वळली.

डिसेंबर 1991. नसबंदीचं शिबिर थंडीतच असतं, तेव्हा जखम लवकर भरते असं म्हणतात. सतरंजीवर ओळीने बायका झोपवल्यात. तुमच्याजवळची बावीस वर्षांची आहे. कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय 1978 मध्येच अठरा केलं होतं, हिचं लग्न मात्र पंधराव्या वर्षी लागलं. दोन मुली झाल्या, सासू म्हणाली, थांब. आता मुलगा झाला, तेव्हा परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत तांबीबद्दल तिला कुणी सांगितलंच नाही.

“मालकानं करून घेतलं असतं,” ती म्हणते, “पण उसाला जायचंय ना. मोळी उचलायची ताकद जाती म्हणत्यात.”

मोळ्या तीही उचलणार आहे, टाके ओले असतानाच. मला याचा फार राग येतो. पुरुषाच्या शस्त्रक्रियेत फक्त शुक्रवाहिनी बंद करतात. बिनटाक्याच्या पद्धतीत काम थोडक्यात होतं, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. अंगातली ताकद आहे तशीच राहते. बाईच्या मात्र पोटाला छेद द्यावा लागतो.

आता 2020 नंतरच्या बदनापुरात या. इथल्याच संशोधन केंद्राची बीडीएन 711 तूर शेतात उभी आहे. नवं वाण दहा ठिकाणी विचारून घेणारा शेतकरी नसबंदीच्या एका गोष्टीत मात्र वडिलांच्या ऐकीव भीतीवर चालतो. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्क्यांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांचं प्रमाण 0.3 टक्के.

आशाताई दारात आलीय. सून हळूच ‘अंतरा’ मागते, तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. “घरात सांगू नका,” एवढंच म्हणते. केनिया-युगांडातही कितीतरी बायका अशाच गुपचूप इंजेक्शन घेतात, कारण घरात गोळ्यांचं पाकीट सापडायची भीती नसते. आशाताई चुलीपर्यंत पोचते. पारावरच्या पुरुषांशी हे बोलायचं कुणी?

तुम्हीच बसा तिथे. तिशीतला एकजण इकडेतिकडे बघून विचारतो, “किती दिवस जड काम बंद?”

“आठवडाभर. तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग तपासणी करून घ्यायची.”

“तपासणीला जालन्यालाच जावं लागतं का?”