बरे झालात, मग रिपोर्ट पॉझिटिव्ह कसा? विलगीकरणाच्या नियमांची गोष्ट

जुलै २०२० मधली गोष्ट. चार घरी स्वयंपाकाची कामे करणाऱ्या एक मावशी माझ्या दवाखान्यात आल्या. त्यांना कोविड होऊन पंचवीस दिवस झाले होते. ताप पहिल्या चार दिवसांतच गेला होता, ऑक्सिजन ९८ होता, जेवण व्यवस्थित चालू होते. तरीही कामाच्या घरांतून एकच निरोप येत होता, "निगेटिव्ह रिपोर्ट आणा, मग या." खासगी लॅबमधील तपासणीचा सरकारने ठरवलेला कमाल दर तेव्हा २२०० रुपये होता. मावशींनी उसने पैसे घेऊन तपासणी केली. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आठवड्याने पुन्हा केली. पुन्हा पॉझिटिव्ह!

"डॉक्टर, मी बरी आहे का आजारी आहे, एवढंच लिहून द्या," त्या म्हणाल्या.

असा प्रश्न त्या काळात मला रोज कोणी ना कोणी विचारत होते. कदाचित तुम्हीही विचारला असेल. त्याचे उत्तर नीट समजून घ्यायचे तर थोडे इतिहासात जावे लागेल.

चाळीस दिवस कुठून आले?

रोग्याला किंवा संशयिताला वेगळे ठेवण्याची कल्पना फार जुनी आहे. प्लेगच्या भीतीने रगुसा (आजचे दुब्रोवनिक) या बंदराने १३७७ मध्ये बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा कायदा केला. पुढे हा काळ चाळीस दिवसांवर गेला. इटालियन भाषेतल्या 'चाळीस' या शब्दावरूनच 'क्वारंटाइन' हा शब्द रूढ झाला. तेव्हा जंतू कोणाला माहीत नव्हते, तपासणी नव्हती. हाताशी फक्त दिनदर्शिका होती. ठरलेले दिवस संपले, माणूस ठणठणीत असला, की तो मोकळा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंतू प्रयोगशाळेत वाढवता येऊ लागले आणि सुटकेचा निकष बदलू लागला. घटसर्प म्हणजे डिप्थेरियाचेच पाहा. त्याच्या रुग्णाला विलगीकरणातून सोडताना चोवीस तासांच्या अंतराने घशाचे दोन नमुने घेतात आणि दोन्हींत जंतू वाढले नाहीत तर त्याला मोकळे करतात. हा नियम तर्कशुद्ध आहे, कारण या तपासणीत फक्त जिवंत जंतूच वाढतात. न्यूयॉर्कच्या मेरी मॅलन या स्वयंपाकिणीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती स्वतः धडधाकट होती, पण तिच्या शौचात टायफॉइडचे जिवंत जंतू सापडत. तिला आधी १९०७ ते १९१० आणि मग १९१५ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत एकांतात ठेवले गेले. तिच्यावर अन्याय झाला की नाही हा वेगळा विषय. पण 'दिसायला बरा' म्हणजे 'निर्धोक' असे नेहमीच नसते, हा धडा वैद्यकशास्त्र तिथे शिकले.

कोविड आला आणि घोळ सुरू झाला

जानेवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सार्स आणि मर्सचा अनुभव धरून सल्ला दिला: लक्षणे गेल्यावर, किमान चोवीस तासांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्या निगेटिव्ह आल्या, की रुग्णाला सोडा. भारतातही सुरुवातीला हाच नियम होता. ऐकायला तो घटसर्पाच्या नियमासारखाच वाटतो, पण इथली तपासणी वेगळी होती. ती होती आरटीपीसीआर.

पीसीआरचे तंत्र कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये शोधले आणि त्यासाठी त्यांना १९९३ चे नोबेल मिळाले. यात जनुकीय साखळीच्या तुकड्याच्या प्रती काढतात. दर चक्राला प्रती दुप्पट होतात. एका तुकड्यापासून सुरुवात केली तर तीस चक्रांत त्याच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. म्हणूनच ही तपासणी इतकी तीक्ष्ण आहे. मात्र तो तुकडा जिवंत विषाणूचा आहे की मेलेल्या विषाणूचा अवशेष आहे, हे तिला सांगता येत नाही.

लग्न आटोपून वऱ्हाड घरी गेले, तरी हॉलमध्ये अक्षता सापडतातच. त्या पाहून कोणी 'लग्न चालू आहे' असे म्हणत नाही. मावशींच्या घशात सापडत होत्या त्या अशा अक्षता!

पुरावा आला, नियम बदलले

म्युनिकमधील नऊ रुग्णांचा अभ्यास एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आजाराच्या आठव्या दिवसानंतर त्यांच्या नमुन्यांतून जिवंत विषाणू वाढवता आला नाही, पीसीआर मात्र पुढेही पॉझिटिव्ह येत राहिली. त्याच सुमारास दक्षिण कोरियात बरे झालेले लोक पुन्हा पॉझिटिव्ह येऊ लागले आणि जगभर घबराट पसरली. तिथल्या यंत्रणेने अशा २८५ जणांचा आणि त्यांच्या ७९० संपर्कांचा माग काढला. या पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्यांमुळे कोणाला लागण झाल्याचे आढळले नाही. १०८ जणांच्या नमुन्यांतून विषाणू वाढवण्याचा प्रयत्न झाला, एकाही नमुन्यात तो वाढला नाही.

भारताने ८ मे २०२० रोजी नियम बदलला: सौम्य रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, सलग तीन दिवस ताप नसेल तर, पुन्हा तपासणी न करता घरी सोडावे. जागतिक आरोग्य संघटनेचा सुधारित सल्ला त्यानंतर, मे अखेरीस आला. म्हणजे मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा नियम त्यांच्याच बाजूने होता! तो सोसायट्यांच्या फाटकापर्यंत पोहोचला नव्हता, इतकेच.

लोकांचा तरी दोष किती? एकाच वेळी तीन आकडे कानावर पडत होते. दहा दिवस रुग्णालयातून सोडण्यासाठी. त्यानंतर घरी आणखी सात दिवस जपायचे, म्हणून सतरा. आणि चौदा दिवस कोणासाठी? रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांसाठी, कारण लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला चौदा दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणूनच कधी कधी रुग्ण मोकळा होई आणि त्याच्या घरचे मात्र अजून कोंडलेले असत. लोकांना हे उफराटे वाटे, पण त्यामागे कारण होते.

भर पडली ती प्रवासाच्या नियमांची. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्या विमान प्रवाशांना निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा केला. नुकत्याच बऱ्या झालेल्याने काय करायचे? एक नियम म्हणे पुन्हा तपासू नका, दुसरा म्हणे तपासल्याशिवाय येऊ नका. अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये यावर तोड काढली: गेल्या नव्वद दिवसांतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि बरे झाल्याचे डॉक्टरांचे पत्र, एवढे पुरेसे. आपल्याकडे मे २०२१ मध्ये आयसीएमआरने स्पष्टच सांगितले की एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटीपीसीआर पुन्हा करू नये. दुसऱ्या लाटेत लॅबसमोर रांगा होत्या. बरे झालेल्याची प्रत्येक अनावश्यक तपासणी म्हणजे एखाद्या आजारी माणसाच्या निदानाला उशीर.

जानेवारी २०२२ मध्ये आपल्याकडे गृहविलगीकरण सात दिवसांवर आले. अमेरिकेने आधी पाच दिवस केले आणि मार्च २०२४ मध्ये दिवस मोजणेच सोडले.

मग आज तुम्ही काय लक्षात ठेवाल?

• बरे झालात हे ठरवायला तब्येत आणि दिवस पाहा. 'निगेटिव्ह' येईपर्यंत तपासण्या करत बसू नका.

• औषध न घेता चोवीस तास ताप नसेल आणि इतर त्रास कमी होत असेल, तर हळूहळू कामाला लागा. पुढचे पाच दिवस मास्क वापरा, वृद्ध आणि आजारी माणसांपासून जपून राहा.

• केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, प्रतिकारशक्ती क्षीण असलेले रुग्ण याला अपवाद आहेत. त्यांच्यात जिवंत विषाणू कित्येक आठवडे राहू शकतो. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

• पूर्ण बरे झाल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप, खोकला आला तर 'मला होऊन गेलाय' म्हणून दुर्लक्ष करू नका. पुन्हा लागण होऊ शकते.

मावशींना मी त्या दिवशी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या: लक्षणे कधी सुरू झाली, ताप कधी गेला, सरकारी नियम काय आहे, आणि यांच्यापासून आता धोका नाही. चारपैकी तीन घरांनी ते मान्य केले. चौथ्या घराने दुसरी बाई ठेवली होती.

नियम बदलला की तो का बदलला हेही लोकांना सांगावे लागते. आम्ही डॉक्टर तिथे कमी पडलो, असे मला आजही वाटते. म्हणून हा लेख.