सुरती रुपयावरची रेघ

खिशातली चिल्लर काढून उजेडात धरा. एखाद्या नाण्यावर अक्षरातून कडेपर्यंत गेलेली बारीक रेघ दिसली, तर तिच्यावरून नख फिरवा. खोल लागली तर तो नंतरचा ओरखडा. उंच लागली तर दोष बहुधा टाकसाळीतला: ठशाला तडा गेला आणि दाबाखाली धातू त्या फटीत शिरला.

आता देव्हाऱ्यातला सुरती रुपया घ्या. तो हातोड्याने पाडलेला. ठसा चकतीहून मोठा, म्हणून अर्धी अक्षरे बाहेर राहिलेली. वर्ष वाचून उपयोग नाही. बादशहा शाह आलम दुसरा १८०६ साली वारला, तरी कंपनी सरकारने त्याच्याच नावाचे, राज्यारोहणाच्या ४६ व्या वर्षाचे रुपये पुढेही पाडले. अशा वेळी तडाच कामी येतो. दोन रुपयांवर तीच रेघ तंतोतंत त्याच जागी असेल तर ठसा एक. जिच्यात ती लांबलेली, ते नाणे मागाहूनचे. तेव्हा निव्वळ रेघ दिसली म्हणून रुपया खोटा ठरवून सोनाराकडे मोडीत देऊ नका. (आणि चिल्लरीतल्या अशाच रेघेचे कुणी हजार मागितले, तर तेही देऊ नका!)